साडेआठ हजारांचं एस्टिमेट घेतलं, त्याचा हिशेब

"बँकेसाठी पाहिजे का स्वतःसाठी?"

कराडच्या त्या ऑफिसात खुर्चीवर नीट टेकायच्या आत हा प्रश्न आला आणि माणूस धंद्यातला आहे हे कळलं. मी पतसंस्थेत कॅशियर आहे. कर्जप्रकरणांना जोडलेली घरांची एस्टिमेटं, म्हणजे बांधकामाला काय आणि किती लागेल त्याचे अंदाज, कायम नजरेखालून जातात. एक पान, दहा-बारा ओळी, खाली गोल शिक्का, आणि शेवटचा आकडा असा की मागितलेलं कर्ज त्यात आरामात बसावं. त्या कागदावर कुणी घर बांधत नाही, फाईल तेवढी पुढं सरकते. मला दुसऱ्या जातीचं एस्टिमेट हवं होतं. ट्रॉली दारात आली की हातात कागद धरून "ही कितवी आणि अजून किती" हे सांगता येईल असं. म्हणून म्हटलं, "स्वतःसाठी. बँकेचं झालंय."

ऑफिसचं नाव देत नाही. खाली चांगलं लिहिलंय तसं वाईटही लिहिलंय, आणि छोट्या ठिकाणी सगळे एकमेकांना ओळखतात.

आमचं घर पाटणला. बांधकाम ९६० चौरस फूट, सध्या तळमजलाच, पण जिना वर काढून ठेवलाय आणि कॉलम वरच्या मजल्याच्या हिशेबानं आहेत. प्लॅन आणि स्ट्रक्चरल ड्रॉइंग दुसऱ्या इंजिनिअरकडून आधीच करून घेतलं होतं. या ऑफिसचं काम एवढंच की तुमची ड्रॉइंग घ्यायची आणि कुठला माल किती लागेल ते काढून द्यायचं. फी साडेआठ हजार, निम्मी आधी. ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर पाठवायची, एक फॉर्म भरायचा. आठवड्यात देतो म्हणाले, पंधरवडा लावला. पण हातात आलं ते जाडजूड होतं: गोषवारा, मापांचं पुस्तक, सळईचा तक्ता, म्हणजे कुठल्या जाडीची सळई कुठं आणि किती (बार बेंडिंग शेड्यूल, याला सगळे बीबीएसच म्हणतात), आणि कुठल्या टप्प्याला काय मागवायचं त्याची यादी.

त्याआधी मोबाईलवरची दोन-तीन फुकट ॲप वापरून झाली होती, त्यामुळं तुलना करता आली. ॲपमध्ये क्षेत्रफळ टाकलं की लगेच उत्तर येतं. ९६० टाकले: सिमेंट ३८४ पोती, स्टील ३,८४० किलो, वाळू १७ ब्रास. यात जादू काही नाही. चौरस फुटाला पॉइंट चार पोती आणि चार किलो स्टील हा गावातला कुठलाही मिस्त्री तोंडानं सांगेल असा ठोकताळा आहे, ॲप त्याला रंगीत डब्यात घालून देतं. ठोकताळा वाईट नसतो. सपाट प्लॉट, मुरमाड जमीन, नेहमीचं घर असेल तर जवळपास जातोही. पण विटांचा आकडा बघितला आणि मी ॲप बंद केलं. १४ हजार!

कारण सरळ आहे. ॲपच्या डोक्यात आहे ती १९० बाय ९० बाय ९० मिलिमीटरची प्रमाणित वीट. ती सांध्यासकट घनमीटरला ५०० बसते. आमच्याकडं भट्टीवर मिळते ती नऊ बाय सहा बाय चार इंचाची. सहा इंची भिंतीत ही वीट आडवी ठेवली की अर्ध्या इंचाच्या सांध्यासकट साडेनऊ बाय साडेचार इंच जागा व्यापते. शंभर चौरस फूट भिंतीला मोजल्या तर ३३७ विटा. ॲपच्या हिशेबानं तेवढ्याच भिंतीला ७०० च्या वर. विटेचं माप बदलायची सोय ॲपमध्ये असते, पण ती तिसऱ्या पडद्यावर कोपऱ्यात, आणि ती शोधायला आपली वीट वेगळी आहे हे आधी माहीत पाहिजे. कराडच्या ऑफिसनं फॉर्ममध्ये पहिला प्रश्न हाच विचारला होता: "वीट कुठली? माप लिहा." त्यांचा आकडा आला ७,१००, त्यात फूटतूट पाच टक्के धरलेली. पॅरापेट, म्हणजे गच्चीचा कठडा, पूर्ण झाल्यावर अंगणात दीडशेभर विटा उरल्या. सासूबाईंनी त्यांची तुळशीभोवतीची कड करून घेतली. या एका गोष्टीला मी पूर्ण मार्क देते.

मापांचं पुस्तक हा या सेवेचा खरा माल. गोषवारा कुणीही देतं. पुस्तकात प्रत्येक भिंत, प्रत्येक बीम लांबी-रुंदी-उंचीसकट ओळीनं लिहिलेला असतो, त्यामुळं आकडा आला कुठून ते मागं जाऊन बघता येतं. हिशेबाच्या माणसाला याचं सुख वेगळंच! व्हाउचर नसलेल्या खर्चावर मी सही करत नाही, तसंच हे. उदाहरण सांगते. प्लास्टरच्या पानावर खिडक्या-दारं वजा केली होती, पण काहीतरी विचित्र पद्धतीनं. चार बाय चारची खिडकी एकाच बाजूनं वजा. साडेतीन बाय सातचं दारही एकाच बाजूनं. आणि बाथरूमचा दोन बाय दीडचा झरोका तर वजाच नाही. मी फोन लावला, म्हटलं चूक झाली का. त्यांच्याकडच्या मुलीनं शांतपणे समजावलं, की मोजमापाच्या मानकात, आयएस १२०० मध्ये, नियमच असा आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा करायचं नाही. अर्धा ते तीन चौरस मीटर असेल तर एकच बाजू वजा करायची. कारण भोकाच्या चारी कडांना आतून प्लास्टर करावंच लागतं, ते त्या न वजा केलेल्या बाजूत भरून निघतं. तीनच्या वर गेलं की दोन्ही बाजू वजा करून कडा वेगळ्या मोजायच्या.

बाहेरचं प्लास्टर आम्ही वेगळ्या गड्याला फुटावर दिलं होतं. त्याचं म्हणणं, खिडक्या वजा करायच्याच नाहीत, "आमच्यात तसंच असतं." मी पान समोर ठेवलं आणि बाहेरची बाजू वजा केलीये, आतली नाही, हे बोट ठेवून दाखवलं. तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हे सरकारी कामावर असतं तसं हाय." त्यानंतर वाद झाला नाही.

आता सळई. इथं जरा थांबते, कारण आमच्या भागात स्टीलचा हिशेब म्हणजे नुसता पैशाचा प्रश्न नाही. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट पाटण तालुक्यात अजून सांगितली जाते. सासूबाई तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या. दगडमातीच्या भिंतींचं त्यांचं घर बसलं, आणि पुढं कितीतरी रात्री सगळी आळी थंडीत उघड्यावर झोपली. आमचं ड्रॉइंग झालं तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात कोयनेचा हा पट्टा चौथ्या झोनमध्ये, म्हणजे जास्त धोक्याच्या भागात होता. त्यामुळं आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरनं कॉलम १२ बाय १५ इंचाचे दिले, आणि रिंगा (उभ्या सळयांभोवती बांधायच्या सळईच्या चौकटी) टोकांना दीड फुटापर्यंत तीन-तीन इंचावर, मधे सहा इंचावर. रिंगेच्या टोकाचा आकडा (हूक) १३५ अंशात आत वळवलेला, काटकोनात नुसता दुमडलेला नाही. हलायला लागलं की बाहेरचं काँक्रीट आधी निखळतं, आणि काटकोनातला आकडा त्याबरोबर उघडतो. आत गेलेला आकडा काँक्रीटच्या गाभ्यात रुतून राहतो.

मिस्त्रींना हे पटेना. "वैनी, पन्नास घरं बांधली म्या. सहा इंचावर रिंग म्हंजी लई झालं. तीन इंचावर लावल्या तर काँक्रीट आत उतरायचं कुठनं? आन् लोखंड किती वाढंल?"

पहिला प्रश्न खरा होता. त्याचं उत्तर एस्टिमेटमध्येच होतं. खडीचे दोन भाग केले होते, पाऊण इंची वेगळी आणि कॉलमच्या वाट्याची अर्धा इंची वेगळी, समोर शेरा: "टोकाला दाट रिंगा, नीडल व्हायब्रेटर आवश्यक", म्हणजे काँक्रीट हलवून आत बसवायचं यंत्र. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी बीबीएसमधून काढून दाखवलं. जोत्यापासून वरच्या बीमपर्यंत एका कॉलमला २४ रिंगा. मिस्त्रींच्या पद्धतीनं सरसकट सहा इंचावर लावल्या असत्या तर १८. फरक सहाचा, कॉलम १२, म्हणजे ७२ जादा रिंगा. आठ एमएमची एक रिंग अर्ध्या किलोच्या जरा आत. सगळं मिळून ३५ किलोच्या आसपास. त्या आठवड्यात सळई ५६ रुपये किलो होती. दोन हजार रुपये! ज्या घरावर सोळा-सतरा लाख घालायचे, तिथं दोन हजारांवरून वाद चालला होता. मिस्त्री हसले, म्हणाले, "मग लावू की." बीममधल्या जादा रिंगांचा हिशेब वेगळा, पण तोही असाच किरकोळ निघाला. हा आकडा असा सुटा करून दाखवणारा कागद हातात नसता तर त्या दिवशी मिस्त्रींचंच खरं झालं असतं.

एकूण स्टील त्यांनी काढलं ४,३५० किलो, म्हणजे फुटाला साडेचार किलो. ॲपपेक्षा ५०० किलो जास्त. भूकंप आणि वरचा मजला, दोन्ही धरल्यावर हे व्हायचंच. ॲपनं या दोन्हीतलं काही विचारलंच नव्हतं.

सासूबाईंची तक्रार वेगळीच. भिंत सहा इंची आणि कॉलम बारा इंची, त्यामुळं प्रत्येक खोलीत कोपरा पुढं येतो. "कपाट भितीला लागत न्हाई गं." मी म्हटलं, "आत्या, ते भूकंपासाठी केलंय." त्यावर त्या जरा वेळानं म्हणाल्या, "मग असू दे. कपाट म्होरं वढा."

सळई घेताना बीबीएसचा आणखी एक उपयोग झाला. त्यात प्रत्येक जाडीचे किती नग आणि किती किलो, दोन्ही लिहिलेलं असतं. सळईचं वजन काढायचं सूत्र सोपं: जाडीचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किती किलो ते येतं. बारा एमएमला १४४ भागिले १६२, म्हणजे ०.८८८. बारा मीटरचा एक नग १०.६६ किलो, पाच नगांची मोळी ५३ किलोच्या वर. मानकात थोडी सूट असते, दहा एमएमपर्यंत सात टक्के इकडंतिकडं, त्यावर सोळापर्यंत पाच टक्के. आता बघा, दुकानदार नग मोजून पुस्तकी वजनानं बिल करणार असेल आणि सळई हलकी असेल, तर त्या पाच टक्क्यांचे पैसे आपण भरतो. पूर्ण वजनावर घेतली तर पैसे बरोबर, पण सळई जाड निघाली तर नग कमी पडतात. म्हणून दोन्ही बघायचं. आम्ही गाडी आधी काट्यावर नेली, मग खाली उतरवताना नग मोजले. बारा एमएम वजनाला तीन टक्के हलकी होती, म्हणजे नियमात बसणारी, पण दुकानदारानं आधी दिलेलं बिल पुस्तकी वजनाचं होतं. काट्याची पावती दाखवल्यावर त्यानं निमूट दुरुस्त केलं. शेवटी बाइंडिंग तार सोडून एकूण ४,४०० किलोच्या जरा वर गेलं. एवढ्या जवळचा अंदाज मी तरी अपेक्षिला नव्हता.

वाळूचं मात्र कागदावर कितीही बरोबर असलं तरी दारात बिघडतं. नदीची वाळू आता मिळायची नाही तशी, क्रश सँडच (दगड फोडून केलेली). एस्टिमेटमध्ये साडेचौदा ब्रास. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हे शाळेतल्या पोरालाही माहीत. पण "एक ब्रासची ट्रॉली" म्हणून जी येते तिचं माप कुणी घेत नाही. मी टेप लावला: आतून साडेनऊ फूट लांब, साडेपाच रुंद, आणि माल पावणेदोन फूट. गुणाकार केला तर ९१ घनफूट. दर ट्रॉलीमागं नऊ फुटांच्या आसपास कमी, साडेचौदा ट्रॉल्यांना सव्वा ब्रासचा खड्डा. त्यात वाळू ओली असली की फुगते. जरा दमट झालेली वाळू कोरडीपेक्षा पाचव्या हिश्शानं, कधी चौथ्या हिश्शानं जास्त जागा व्यापते. पावसाळा संपता संपता आलेल्या ट्रॉल्या अशाच होत्या. वरून शिगोशीग दिसतात आणि उन्हात पडल्या की ढीग बसतो. ट्रॉलीवाल्याशी मी भांडले नाही. पुढच्या ट्रॉलीपासून पैसे घनफुटावर, एवढंच ठरवलं. त्यानंही लगेच मान्य केलं, म्हणजे त्याला ते आधीपासून ठाऊक होतं.

एस्टिमेटवाल्यांनी यादीखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "वाळूचे माप कोरड्या स्थितीत." हे ठळक अक्षरात पाहिजे होतं. बारीक अक्षरात लिहिलेलं ज्याला आधीपासून माहीत असतं तोच वाचतो.

स्लॅबचा दिवस मात्र या कागदानं अक्षरशः सोपा केला. पाच इंची स्लॅब आणि बीम मिळून साडेअठरा घनमीटर काँक्रीट, एकास दीडास तीनच्या (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणात घनमीटरला आठ पोती, म्हणजे दीडशे पोती. मिस्त्री म्हणत होते १७५ आणून ठेवा, कमी पडलं तर मधे थांबायला नको. मी १६० आणली. १५४ लागली. उरलेली सहा बांधकामात गेली. सिमेंट पडून राहिलं की त्याची ताकद उतरते, आणि पाटणच्या दमट हवेत तर पोती खालून लवकर धरतात. त्यामुळं "असू दे थोडं जास्त" हे सिमेंटच्या बाबतीत महागात जातं. टप्प्याटप्प्यानं मागवायची यादी होती म्हणून आमच्याकडं एका वेळी फार पोती साठलीच नाहीत.

एवढं कौतुक झाल्यावर आता दुसरी बाजू, आणि ती लहान नाही.

पाटण तालुक्यात सपाट प्लॉट मिळणं नशिबाची गोष्ट. आमचा प्लॉट रस्त्याकडून मागं उतरत जातो. त्या ऑफिसच्या फॉर्ममध्ये विटेचं माप विचारलं होतं, टाइल्सचा ब्रँड विचारला होता, संडासाचं भांडं कुठलं तेही विचारलं होतं. जमीन सपाट आहे का उताराची, हा प्रश्न नव्हता! त्यांनी सगळीकडं सारखं दोन फुटांचं जोतं धरलं आणि आत दीड फूट मुरुमाची भर, म्हणजे १५ ब्रास मुरूम. पाया आखायच्या दिवशी मिस्त्रींनी पाण्याची नळी लावली. एक पोरगा पुढच्या खुंटीपाशी, एक मागच्या, नळीतलं पाणी दोघांकडं स्थिर झालं, मागच्या पोरानं खुंटीवर खूण केली आणि टेप खाली सोडला. पाच फूट. म्हणजे पुढं दोन फूट दिसणारं जोतं मागं सात फुटांवर जाणार. भर सरासरी चार फूट, आणि मुरूम नऊ-नऊ इंचाच्या थरानं पाणी मारून धुमसायचा म्हटलं की तो दबतो, म्हणजे मोजापेक्षा जास्त आणायचा. पंधराच्या जागी चाळिसाच्या वर ब्रास गेला. शिवाय मागच्या अंगाला डबराची (मोठ्या दगडांची) भिंत, कॉलमची जमिनीखालची वाढलेली उंची, जेसीबीचे तास. सगळं मिळून सव्वा लाखाच्या घरात. अख्ख्या एस्टिमेटचा एकूण आकडा होता १६ लाख ७० हजार. तो सव्वा लाखानं पहिल्या महिन्यातच, जमिनीच्या पातळीवर यायच्या आधीच हुकला.

मी फोन केला. उत्तर आलं, "मॅडम, प्लॅनमध्ये लेव्हल दिलेल्या नव्हत्या." खरं आहे, नव्हत्या. पण ज्या ऑफिसच्या निम्म्या गिऱ्हाइकांचे प्लॉट डोंगराच्या कडेला असतात त्यांनी हे विचारायला नको? त्यांच्या बाजूनं एक सांगते. त्यांनी हुज्जत घातली नाही. नळीची मापं व्हॉट्सॲपवर पाठवली, तर दोन दिवसांत जोत्याखालचा सगळा भाग नव्यानं काढून दिला, जादा पैसे घेतले नाहीत. तो दुसरा हिशेब बरोबर आला. पण साइटवर यायचं का, असं मी विचारलं तर त्याची फी वेगळी आणि तारीख तीन आठवड्यांनंतरची. इथं माझे मार्क जातात. जमिनीखालचा हिशेब टेबलावर बसून होत नाही, मग तो कितीही हुशार माणूस करो.

दुसरी खोट मजुरीची. आमच्याकडं मजुरी ठरते स्लॅबच्या फुटावर, आणि स्लॅब म्हणजे छज्जा, पोर्च, जिन्यावरचं छप्पर, सगळं धरून. आमच्या स्लॅबचं माप ११५० फूट. एस्टिमेटमध्ये मजुरी लावली होती ९६० वर. दर २८० रुपये बरोबर धरलेला, फूट चुकीचे. १९० फुटांचे ५३ हजार रुपये कागदात नव्हतेच. हे कळायला इंजिनिअर असायची गरज नाही, कुठल्याही मिस्त्रीला विचारलं असतं तरी सांगितलं असतं. ड्रॉइंगवरचं माप अचूक काढणारी माणसं बाजाराची रीत विसरतात, याचा मला जरा राग आला.

तिसरी गोष्ट दरांची, पण यात त्यांचा दोष मी धरत नाही. एस्टिमेट उन्हाळ्यातलं, काम सुरू झालं पावसाळा ओसरताना. मधल्या काळात, २२ सप्टेंबर २०२५ पासून, सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ३५० चं पोतं धरलं तर कागदावर २७ रुपये कमी व्हायला पाहिजेत. दुकानात लगेच तेवढे उतरले नाहीत, पहिले काही दिवस "जुना स्टॉक आहे" चाललं, मग हळूहळू उतरले. खडीचा दर मात्र वर गेला. दर हे बदलणारच. म्हणून माझं मत असं झालंय, की असल्या एस्टिमेटमधला रुपयांचा रकाना एकदा बघून सोडून द्यावा आणि नग, किलो, ब्रासचा रकाना जपून ठेवावा. मी तो भाग एक्सेलमध्ये उतरवून घेतला, शेजारी "आलेला माल" आणि "त्या दिवशीचा दर" असे दोन रकाने वाढवले. रोज रात्री भरायचे. नवरा म्हणतो, हिला पतसंस्थेत बसून समाधान होत नाही.

त्यांनी फाईल पीडीएफमध्ये दिली, एक्सेलमध्ये नाही. मागितली तर "पॉलिसी नाही." साडेआठ हजार घेऊन आकडे परत टाइप करायला लावायचे, ही पॉलिसी मला पटली नाही. बाकी अक्षर स्वच्छ, मराठीत नावं, "पाऊण इंची खडी", "डबर सोलिंग", "कोबा" असं आपल्या भाषेत लिहिलेलं, त्यामुळं मिस्त्रींनाही वाचता आलं. सरकारी दरसूचीतली भाषा उचलून ठेवली असती तर माझ्याशिवाय कुणी उघडलं नसतं.

मग घ्यावं का? फुटाला नऊ रुपयांच्या आत फी पडली. नुसत्या सळईच्या बिलात दुरुस्त झालेले पैसे आणि घनफुटावर आलेल्या वाळूचा फरक धरला तरी ती निघाली. ज्यांचं काम मालासकट ठेक्यानं आहे त्यांना याचा फारसा उपयोग नाही, तिथं माल कमी-जास्त ठेकेदाराच्या अंगावर. निदान कॉलममध्ये ठरलेली सळई पडली का एवढं तपासायला बीबीएस ठेवा. ज्यांचा माल स्वतःचा आणि मजुरी मिस्त्रीची, म्हणजे आमच्यासारखे, त्यांनी जरूर घ्यावं. फक्त स्ट्रक्चरल ड्रॉइंग हातात आल्याशिवाय जाऊ नका. नुसत्या प्लॅनवर स्टील काढून देतो म्हणणारा माणूस तुम्हाला ॲपचाच आकडा शिक्का मारून देणार.

आणि मापांचं पुस्तक देणार का, हे पैसे द्यायच्या आधी विचारा. एका ठिकाणी मी चौकशी केली होती तिथं तीन हजारांत एस्टिमेट होतं, पण नुसता गोषवारा. "आतलं तुम्हाला काय कळणार" असंही ऐकवलं. तिथून उठून मी सरळ या दुसऱ्या ऑफिसात आले.

पाचपैकी साडेतीन. जमिनीच्या वर साडेचार, जमिनीच्या खाली दोन.

टाइल्सचं काम आता सुरू होईल. त्याचा तक्ता त्यांनी खोलीवार दिलाय, कापाकापीचे सात टक्के धरून, स्कर्टिंगचे (भिंतीच्या पायथ्याच्या टाइलपट्टीचे) रनिंग फूट वेगळे. त्यात एक बाथरूम माझ्या मापापेक्षा आठ फुटांनी जास्त दिसतंय, त्यासाठी सोमवारी फोन करायचाय. वरच्या मजल्याच्या वेळी जाईन ते त्यांच्याकडंच. पण त्या वेळी फी देण्याआधी साहेबांना गाडीत घालून प्लॉटवर आणणार, आणि एक्सेलची फाईल पेनड्राइव्हवर हातात पडल्याशिवाय दुसरा हप्ता नाही.